मणी उतरवल्यावर

"मणी काढा ताई, त्याशिवाय कान टोचता यायचे नाहीत," पोतदार सोनार म्हणाले.

हेमांगीचा हात अडखळला. बाळ जन्मलं की ऐकणं तपासायला कानाला चिकटवतात ते श्रवणमणी तिच्या लेकीने, मैथिलीने, चार वर्षांत कधी उतरवलेच नव्हते. रोज सकाळी ते हेमांगीच्या फोनवर कळवत, 'ऐकू येणे उत्तम'. मग डॉक्टरांकडे कशाला जायचं?

तिने मणी वाटीत ठेवले. सुई टोचताच मैथिली रडू लागली.

"झालं हं, राणी!" हेमांगी मागून म्हणाली. पोरीने मान वळवली नाही. "मैथिली!" ती ओरडली. शेजारचा दुकानदार डोकावला, पोरगी मात्र हुंदके देत राहिली. सोनारांनी तिच्या पाठीमागे ऐरणीवर हातोडी आपटली. ती दचकलीसुद्धा नाही.

"माझ्या नातवाचं असंच झालं," सोनार हळूच म्हणाले. "मणी गुपचूप आवाज वाढवत होते. ते स्वतःचं ऐकणं कळवतात ताई, पोरांचं नाही."

हेमांगी मैथिलीसमोर बसली आणि तिला हाका मारत राहिली. तिच्या हलणाऱ्या ओठांकडे बघत मैथिलीने विचारलं, "आई, तू सगळ्यांचा आवाज का बंद केलास?"