नेलपॉलिशची रेघ

केतकी गाडीखालून सरकत बाहेर आली, ती हातात लाल नेलपॉलिशची बाटली घेऊनच. शर्यतीच्या गाडीचा प्रत्येक नट आवळला, की नट आणि बोल्ट दोन्हींवरून ती एक सलग रेघ ओढायची. नट जरा जरी फिरला, तरी रेघ तुटलेली दिसायची. आज ब्रेकजवळचीच रेघ तुटलेली दिसली होती. तिने नट करकचून आवळून, जुना रंग पुसून नवी रेघ ओढली होती.

आता सासूबाई येणार. साठी उलटली तरी ट्रॅकवर गाडी त्याच पळवत, आणि बसण्याआधी केतकीने आवळलेला एकूण एक नट स्वतःच्या पान्याने पुन्हा तपासत. केतकीचा अगदी जीव जळायचा.

पण आज सासूबाई वाकल्याच नाहीत. थेट आत बसून पट्टा लावू लागल्या.

"आई, ब्रेकजवळचा नट सैल निघाला होता. आवळलाय मी, पण तुम्ही एकदा बघा ना," केतकीच चाचरत म्हणाली.

"माहितीये. तू चहाला गेलीस तेव्हा मीच सैल केला होता." आपला पाना तिच्या हातात ठेवत त्या हसल्या. "हा आता तुझ्याकडेच राहू दे."

गाडी गरजत निघून गेली. रागवावं की नाचावं, केतकीला कळेना. थर्मास घेऊन उभा असलेला तिचा नवरा मात्र कुरकुरला, "कमाल आहे! मला आई अजून गॅसचा सिलिंडरसुद्धा लावू देत नाही."