निळा धूर

हृदयाच्या झटक्यातून दाजी मरता मरता वाचले. डॉक्टरांनी सिगारेट कायमची बंद केली आणि त्याच आठवड्यात दाजींच्या म्हाताऱ्या ट्रकला धुराचा आजार जडला. रोज संध्याकाळी ते इंजिन चालू करून मागे सायलेन्सरपाशी बसायचे आणि आत येऊन ताईला बेशरमपणे सांगायचे, "इंजिन अडखळतंय गं. धूर निळा येतोय. रिंगा गेल्यात, ऑइल जळतंय."

काल कामावरून आले ते तडक ट्रकमागेच गेले. ताईने स्वयंपाकघराच्या खिडकीतून विचारलं, "अहो, गाडीचा आवाज नाही, मग धूर कसला?"

"आत्ताच बंद केली. इंजिन अजून धुमसतंय."



"बरं, गॅरेजवाल्याला तसं कळवते. दुपारीच तो इंजिन उतरवून घेऊन गेलाय."