बाबांच्या फोनमधले साप

“काय झालंय या फोनला? बातम्या लावल्या तरी नाग फणा काढतोय!” बाबा ओरडले.

मी पटकन पुस्तकात डोकं खुपसलं. घरात मला मिळणारा फोन तोच. सर्पमित्रांच्या व्हिडिओंखाली मी त्यावरून रोज भरभरून लिहायचे, ‘ताई, कसला भारी पकडलात! मलाही शिकायचंय!’ ते वाचून फोनने बाबांनाच सर्पवेडं ठरवलं होतं. आणि बाबा तर गांडुळालाही घाबरतात! म्हणून तर शाळेच्या सर्पशिबिराचा अर्ज आठवडाभर सहीविना दप्तरात पडून होता.

तेवढ्यात अंगणातून काकू किंचाळली. चांगला सहा फुटी साप! काका काठी घेऊन धावले.

“थांब रे! धामण आहे ती, बिनविषारी!” बाबा म्हणाले. स्वतः खुर्चीवर चढले होते, पण आवाज एकदम गुरुजींचा. धामण सरसरत कुंपणापार गेली.

“बाबा, तुम्हाला कसं कळलं?”

“महिनाभर फोन दुसरं काही दाखवतोय का? आणि माझ्या नावाने ‘मलाही शिकायचंय’ लिहिणारी कार्टी कोण, तेही कळलंय. कुठे शिकवतात?”

मी धावत अर्ज आणला. बाबांनी खुर्चीवर उभ्यानेच सही ठोकली.