बादली

"कट म्हणजे खून," असं दिग्दर्शक तिसाव्या वर्षी म्हणाले आणि ते वाक्य पुढे सिनेमाच्या तीन पाठ्यपुस्तकांत छापून आलं. म्हणाले तेव्हा दाढी करताना कापलेल्या हनुवटीला कापूस लावून बसले होते, एवढं पुस्तकवाल्यांनी गाळलं.

आता बहात्तराव्या वर्षी तेच वाक्य ते बाल्कनीच्या दाराआड पुटपुटले, कारण आत स्वयंपाकघरात खुनाची तयारी चालली होती.

"बादली अर्धी भरली की कट," संकलक सांगत होता. जाड चष्म्याचा हा माणूस चाळीस वर्षं त्यांच्याकडे होता, पण कापायला म्हणून त्याला कधी काही मिळालं नव्हतं. दिग्दर्शकांकडे नुसतं जोडकाम. म्हणून सगळे त्याला डिंक्या म्हणत.

"आणि यांच्या लक्षात आलं तर?" बायकोचा आवाज.

"सर पडद्याकडे बघतात कुठे, वहिनी?"

"हळू बोला हो." हे ती जरा मोठ्यानेच म्हणाली. पण तिला हल्ली कमी ऐकू येतं असा दिग्दर्शकांचा समज होता, कारण सिनेमावर बोलायला लागलं की ती उत्तर देत नसे.

'बादली' हा त्यांचा गाजलेला चित्रपट. पाच तास चाळीस मिनिटं. गळक्या नळाखाली बादली ठेवली आहे, ती भरते. संपलं. चित्रीकरणात रीळ संपलं की नळ बंद करायचे आणि नवं चढलं की सुरू. याला दिग्दर्शक कट म्हणत नसत, श्वास म्हणत. तो बघून दूरदेशीच्या दोघा दिग्दर्शकांनी एक पंखा आणि एक भिंत चित्रित केली आणि दोघेही मोठे झाले.

पण 'बादली'चं खरं नाव झालं ते वेगळ्याच गोष्टीने. चाळीस वर्षांत एकही प्रेक्षक मधून उठून गेला नव्हता. हे ऐकीव नव्हे. 'दिग्दर्शकाने पडदा नाही, प्रेक्षक बघावा' हे त्यांचं दुसरं वाक्य. प्रत्येक खेळाला ते पडद्याखाली खुर्ची टाकत आणि प्रेक्षकांकडे तोंड करून शेवटपर्यंत एकेकाचा चेहरा निरखत. पाचव्या तासाला लोक पायावर पाय घट्ट दाबून, ओठ चावत, डोळ्यांत पाणी आणून बसलेले असत. "बादली भरते तेव्हा जी सुटकेची भावना होते ती शब्दांत मावत नाही," असं एका समीक्षकाने लिहिलं होतं.

उद्या सकाळी दहाला गौरवाचा खेळ होता. दाखवली जाईल तीच प्रत चित्रपट-संग्रहालयात कायमची जमा होणार होती. म्हणजे उद्याचा कट जन्माचा कट.

जेवताना बायको म्हणाली, "अहो, उद्या मी नाही आले तर चालेल? ताई आलीय, तिची गाडी दोनची आहे. मग मुलाकडे जाईल ती कायमची. पुन्हा कधी भेट होतेय कोण जाणे."

खून होताना हिला घटनास्थळी राहायला नको, दिग्दर्शकांनी मनात नोंदवलं.

"पहिल्या रांगेत तुझी खुर्ची रिकामी? लोक काय म्हणतील?"

"लोक काय म्हणतात ते तुम्ही कधी ऐकलंय?"

"तू येतेस."

"बरं," ती म्हणाली. इतक्या सहज ती कधीच ऐकत नसे.

सकाळी डिंक्याच्या पिशवीत त्यांना कागदात गुंडाळलेली कोरी कात्री सापडली.

"नातीला हवीय, सर. शाळेत चित्रं कापायला," डिंक्या चष्मा पुसत म्हणाला.

चोराच्या मनात चांदणं, दिग्दर्शक मनात म्हणाले.

चारशे खुर्च्या भरल्या. दिग्दर्शक पडद्याखाली गेले आणि त्यांनी आपली खुर्ची पडद्याकडे फिरवली. सभागृहात कुजबुज झाली.

"अगंबाई," पहिल्या रांगेतून बायको म्हणाली, "आज तिकडे तोंड?"

"थेंब न् थेंब मोजणार आहे."

"मागे वळून नाही बघायचं?"

"एकदाही नाही."

"जपा. मान अवघडेल."

नळ गळू लागला. पहिल्या तासात मागे एक खुर्ची करकरली. मग दुसरी. दार उघडल्यासारखा उजेड पडद्याच्या कडेला आला आणि गेला. डिंक्या यंत्राच्या खोलीकडे निघाला असणार. दिग्दर्शकांची मान वळायला आली, पण त्यांनी ती आवरली. नेमका तोच क्षण साधायचा असणार त्यांना. खुर्च्या वाजत राहिल्या. उजेड येत राहिला, जात राहिला. दिग्दर्शक बधले नाहीत.

बादली अर्धी झाली. त्यांनी श्वास रोखला. थेंब. थेंब. थेंब. कट आला नाही.

मध्ये दोनदा त्यांना वाटून गेलं, की नळ जरा मोठा सोडायला हवा होता. पण तीन वाजून चाळीस मिनिटांनी बादली काठोकाठ भरली, आणि एक थेंबही हरवला नव्हता.

त्यांना भरून आलं. कसला हा संशय, आणि कोणावर? चाळीस वर्षं पहिल्या रांगेत बसलेल्या बायकोवर? सर्वांसमोर तिची माफी मागायची, त्यांनी ठरवलं. दिवे लागले. टाळी वाजेना. एवढी शांतता त्यांनी जन्मात ऐकली नव्हती. लोक टाळ्यांच्याही पलीकडे गेले होते. हात जोडून ते खुर्चीतच वळले.

चारशे रिकाम्या खुर्च्या, आणि तिसऱ्या रांगेत झाडू घेतलेल्या मावशी.

"माझी बायको?" त्यांनी विचारलं.

"त्या होय? त्या तर सगळ्यात आधी उठल्या. मग दाराशी उभ्या राहून त्यांनी आणि त्या जाड चष्मेवाल्यांनी एकेकाला बाहेर सोडलं, चपला हातात घ्यायला लावून. जाताना म्हणाल्या, चाळीस वर्षांनी कट जमला एकदाचा. कसला ते मी काही विचारलं नाही." मावशी झाडत झाडत पुढे आल्या. "साहेब, पाय जरा वर घेता का?"