एक बटण चुकलं तर

"एक बटण चुकलं, तर ओटा खाली करायचा," उकंडराव देशमुख म्हणाले आणि आजोबांचा लाल डगला त्यांनी हैदरच्या मांडीवर फेकला.

ओटा त्यांच्याच मालकीचा होता. हिंगोलीच्या बाजारातल्या त्या ओट्यावर बसून हैदर वीस वर्षं वीतभर उंचीचे लाकडी फौजी कोरत, रंगवत होता. छातीपर्यंतचे, खाली बैठक. त्याचा बाप जुन्या छावणीत वर्द्या शिवायचा. छावणी उठली, बाप गेला, कापडाच्या तुकड्यांची पेटी मात्र मागं राहिली. कोणत्या पलटणीची कॉलर कसली, बटणं किती, कुठली फीत कुणाच्या अंगावर, सगळं तिच्यात. हैदरनं जन्मात खोटं बटण रंगवलं नव्हतं.

उकंडरावांना अस्सलच पाहिजे होतं. जिल्ह्याच्या तालुकदारसाहेबांच्या दरबारात पहिल्या रांगेतल्या खुर्च्या फौजी अंमलदारांच्या वारसांना मिळणार होत्या; पुरावा म्हणून ज्यानं त्यानं पूर्वजाचा वर्दीतला पुतळा आणून दाखवायचा होता. आजोबा सुभेदार होते, अशी बढाई देशमुखांनी दोन पिढ्या मारली होती. कागद एक नव्हता. खोटं जुनं झालं की लोक त्यालाच खानदान म्हणतात. आता त्या खानदानाला पुतळा पाहिजे होता.

हैदरनं डगला उलटून पाहिला. बापाचा टाका लगेच ओळखू आला. मग त्याचा हात खांद्यांवरच्या पाखांसारख्या झालरींवर थांबला.

"मालक, हे खांदे..."

"मला शिकवून राहिला का तू? बाहुल्या रंगवून पोट भरणारा माणूस! साध्या शिपायाला असती का एवढी झालर? खांदेच उठून दिसले पाहिजेत."

ज्याच्या बाराबंदीचे बंद रोज गडी बांधायचा, तो हैदरला वर्दी शिकवत होता. हैदर डगला समोर टांगून बसला. खारीच्या केसांचा कुंचला घेऊन पंधरा दिवस खपला. झालरीचा धागान् धागा त्यानं उठवला.

दरबाराच्या दिवशी पुतळे पारखायला तालुकदारांनी पेन्शनर सुभेदार गुलाम नबींना बसवलं होतं. म्हाताऱ्यानं चष्मा चढवला, पुतळ्याचे खांदे पाहिले आणि मिशीतल्या मिशीत हसला.

उकंडरावांचं तोंड उतरलं. "चुकवलं ना यानं? हैदऱ्या, उद्याच्या उद्या ओटा खाली कर."

हैदरनं बगलेतला डगला पुतळ्याशेजारी पसरला. गुलाम नबींनी बोट ठेवून बटणं मोजली, फीत जुळवली, झालर जुळवली.

"एक टाका चुकला न्हाई," ते म्हणाले. "वर्दी बराबर हाय."

उकंडरावांच्या जिवात जीव आला. धोतराचा सोगा सावरत ते पहिल्या रांगेकडं निघाले.

"फक्त एवढं सांगून जा, उकंडराव," म्हातारा मागून म्हणाला. "पलटणीच्या बँडात तुमचे आजोबा ढोल वाजवायचे, का बिगूल?"