लांबलेला डाव

मनाल रत्नागिरीत, नवरा फैझान कतारला. शुक्रवारी त्याला सुट्टी असली की दोघं व्हिडिओ कॉलवर नवा बोर्डगेम खेळायची आणि मग मनाल आपल्या चॅनेलवर त्या गेमचा रिव्ह्यू टाकायची. फैझानचे पत्ते ती न बघता मोबाइलसमोर उभे करून ठेवायची आणि तो सांगेल तो टाकायची.

आज डाव असा पेटला होता की चहा गार झाला तरी तिला भान नव्हतं. आणखी एक बेट मिळालं की ती जिंकणार होती.

"आता कसा वाचतोस बघते!"

"बघच! डावीकडचा टाक," म्हणत फैझाननं तेही बेट अडवलं.

चरफडत ती पंखा वाढवायला उठली आणि मोबाइलमागच्या कपाटाच्या काचेत तिला त्याचे पत्ते दिसले. सुरुवातीपासून ज्याला त्यानं हात लावू दिला नव्हता, तो उजवीकडचा पत्ता राजाचा होता. तो टाकून फैझानला डाव केव्हाच जिंकता आला असता.

"काय गं, दमलीस?"

"छट्! चालू दे."

संध्याकाळी तिनं रिव्ह्यूत सांगितलं, "हा गेम काही केल्या संपत नाही. पाचपैकी पाच!"