गोड बोलणारा पट्टा

केतकी जन्मापासून कर्णबधिर. हातातला घास ताटात ठेवून तिने आईला खुणांनी सांगितलं, "मला बहिऱ्यांच्या वसतिगृहात पाठव. तिथे सगळे हातांनी बोलतात. इथे माझ्याशी कुणीच बोलत नाही."

तिच्या मनगटावरचा अनुवादक पट्टा मंजुळ आवाजात म्हणाला, "आई, आमटी फक्कड झालीय."

"घे की मग अजून," म्हणत आईने हसून आमटी वाढली.

घरभेटीला येऊन जेवायला बसलेल्या मानसतज्ज्ञ कारखानीस बाईंना खुणा कळत होत्या. पालकांच्या मनावर ताण नको, म्हणून पट्ट्याने अनुवाद जरा सौम्य करावा, ही शिफारस त्यांचीच. त्या शिफारशीला पुरस्कारही मिळाला होता.

"शैलाताई, तुम्ही खुणा शिकून घ्या ना," त्या चाचरत आईला म्हणाल्या.

"आता कशाला, बाई? पट्टा बांधल्यापासून पोर एकदाही उलटून बोललेली नाही."

केतकीने आईचा हसरा चेहरा निरखला आणि आशेने बाईंना खुणेने विचारलं, "हो म्हणाली का?"

"बाई, तुम्हीपण आमटी घ्या ना," पट्टा म्हणाला.

बाईंनी मान खाली घातली आणि वाटी पुढे केली.